वालाच्या पेरणीला पाहुणे

हेमांगीला बघायला डोंबिवलीचे पाहुणे संध्याकाळी यायचे होते. ते सकाळीच खडवलीला टपकले. तेव्हा ती ओटीवर बसून वालाच्या बियाण्याला जिवाणू खत चोळत होती. गुळाचं पाणी आणि रायझोबियमची काळी पूड. कोपरापर्यंत हात काळे, गालावरही एक पट्टा.

“अगं, हात तरी धू!” तिचे वडील महिपत कासावीस झाले.

“बाबा, बी सावलीत सुकलं की आजच पेरायचं. ठेवलं तर जिवाणू मरतील.”

नवरा मुलगा विनीत हसू दाबत होता. तो गच्चीत नुसत्या कंपोस्टवर भाज्या पिकवायचा, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. सुपर फॉस्फेटची गोण दिसली तसा तो म्हणाला, “म्हणजे शेवटी केमिकलच?”

“शेणखत आधीच घातलंय. पण माती तपासली तर स्फुरद कमी निघालं, तेवढ्यापुरती ही गोण. नत्राचं जिवाणू बघतील, म्हणून युरिया आणलाच नाही. तिघांना एकत्र नांदवायचं, बस!”

“एवढ्यांना नांदवणारी माझ्या मुलालाही नांदवेल,” विनीतची आई वासंतीबाई म्हणाल्या आणि सगळे खो खो हसत सुटले.

हसता हसता वासंतीबाईंनी पदर खोचला. “चल, दाखव शेत!”

हेमांगी सरी ओढायची, महिपत तळाशी गोणीतलं खत टाकून त्यावर माती लोटायचे, कारण खत बियाण्याला चिकटलं तर जिवाणू जळतात. मग विनीत बी टाकायचा. पण त्याचं लक्ष सरीपेक्षा हेमांगीकडेच.

“अहो, मूठभर काय टाकताय? अक्षता आहेत का त्या?” ती ओरडली, आणि आपण काय बोललो ते कळून लालेलाल झाली. महिपतांना उगाच खोकला आला.

वाल गुडघ्याला लागले तरी हेमांगीचा होकार यायचाच होता, तेव्हा विनीत रजा टाकून एकटाच आला. हेमांगीने एक रोप मातीसकट उपटून मुळं धुतली. गाठीच गाठी! तिने नखाने एक फोडली.

“आतून गुलाबी! म्हणजे जिवाणू कामाला लागलेत.”

विनीतने बांधावर चढून अशी आरोळी ठोकली की शेजारच्या शेतातले बगळे उडाले.

“मग आता माझं काय? हो म्हण ना!”

“हो रे, हो! आधी खाली उतर, पडशील!”

तो पडलाच. आणि हसून हसून पोट दुखायला लागल्यावर तीही त्याच्याशेजारी वालात फतकल मारून बसली.