न्यायला की भेटायला

बेबीची बॅग सकाळपासून तिसऱ्यांदा पलंगावर उताणी पडली होती. दोन स्वेटर आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. लोकरीचे मोजे उशाला ठेवले होते ते सापडेनात. सापडले तेव्हा तिच्याच पायात होते. चार दिवस थंडीच्या गावाला जायचं म्हणून एवढी घालमेल कुणाची होत नाही. घालमेल वेगळ्याच गोष्टीची होती आणि ती बॅगेत मावत नव्हती.

सेहेचाळीस वर्षांची बाई. लॉन्ड्रीच्या काउंटरमागे उभं राहून पायांच्या शिरा फुगलेल्या. तरी माहेरी ती अजून बेबीच. बेबीला कुणी काही विचारत नाही, बेबीला सांगतात.

आई थोरल्या दादाच्या घरून मधल्या भावाकडे गेली ती उन्हाळ्यात. गेली कसली, पाठवली. तिकडे गारवा असतो, दोन-चार दिवस बरं वाटेल तिला, असं दादा म्हणाला. उन्हाळा सरला. जरा हवा बदलू दे, म्हणाला. हवा बदलली, इतकी की आता तिकडे नळातलं पाणी गोठतं आणि आई नातवाचा शाळेचा स्वेटर घालून बसते. बाह्या कोपरापर्यंत, छातीवर शाळेचा बिल्ला. हे तिनंच फोनवर हसत हसत सांगितलं होतं. मग हसणं थांबवून विचारलं, "बेबे, तुम्ही भेटायला येताय की न्यायला?"

"येतोय ना आई," बेबी म्हणाली होती. असली उत्तरं द्यायला जीभ फार लवकर शिकते.

दुपारी दादा आणि वहिनी आपलं सामान घेऊनच आले. गाडी दादाची, म्हणून नियमही दादाचे. डिकीत गॅसची टाकी, तेव्हा तिघांत मिळून एकच मोठी बॅग. ती बॅग बेबीची, कारण तिची चाकं शाबूत होती. वहिनीनं पिशव्या रिकाम्या करायला सुरुवात केली. एक लाल कोट, एक पांढरा कोट, गुडघ्यापर्यंतचे बूट, कानटोप्या.

"दोन कोट कशाला, वहिनी?"

"अगं, बर्फात लाल उठून दिसतो. पांढरा आपला रात्री गारठ्यात घालायला. तू काय घेतलंस?"

बेबीनं खुंटीवरचा करडा कोट दाखवला. लॉन्ड्रीत मागच्या दांडीला असे कोट लटकलेले असतात. दोन-चार दिवसांत नेतो म्हणून लोक टाकून जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत. मालकानं चार दिवसांपुरता दिला होता.

"मेलेल्या माणसाचा नसला म्हणजे झालं," वहिनी म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाली.

बॅग फुगली. चेन अर्ध्यावर येऊन अडली. "बस गं बेबी वरती," दादानं फर्मावलं. बेबी बॅगेवर बसली, दादानं दात खाऊन चेन ओढली आणि एकदाची लावली. बूटसुद्धा आत गेले. वहिनीनं तळहात झटकले.

बेबी मात्र उठेना. बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं, की या बॅगेत आता हातरुमालसुद्धा जाणार नाही.

"दादा, येताना आईचे कपडे कशात घालायचे?"

दादा मोबाइल बघत होता. तो बघतच राहिला. वहिनी खिडकीकडे गेली आणि उगाच पडदा सारखा करायला लागली. दारात बेबीचा नवरा इस्त्रीची वायर उघडून बसला होता, त्याचाही पेचकस थांबला.

"कपडे?" दादा म्हणाला. "आत्ता कुठे आणतोय तिला? या थंडीत म्हातारीला एवढा प्रवास झेपेल का? जरा डोकं चालव. थंडी गेली की बघू."

"मग आपण चाललोय कशाला?"

"भेटायला. आणि हिला बर्फ बघायचाय कधीचा."

"भेटायला," बेबीनं तो शब्द खडा चघळावा तसा तोंडात फिरवला. "आधी उन्हाळा आडवा आला, आता थंडी. असा कुठला ऋतू आहे रे दादा, ज्यात आई तुला घरात चालते?"

"बेबी, तोंड सांभाळ."

"आमच्या दुकानातही लोक असंच करतात. नेतो म्हणतात आणि विसरतात. पण निदान दांडीला लटकलेला कोट फोन करून विचारत नाही, न्यायला कधी येताय म्हणून."

"बरं, मग तू ठेव," दादा शांतपणे म्हणाला. हे त्याचं हुकमाचं पान. "दोन खोल्या, पोरीचं बारावीचं वर्ष, जावईबापूंचा दमा. ठेव ना. आम्ही कुठे अडवलंय?"

बेबीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं पेचकसाचं टोक निरखलं. माणूस वाईट नव्हता. पण पेचप्रसंगात त्याला नेहमी एखादा स्क्रू घट्ट करायचा असायचा.

"अहो, आई इथं राहील."

"राहील ना... पण झोपेल कुठे? नीट बोलू आपण, तू आल्यावर."

"आल्यावर ती माझ्याबरोबर असेल. मग तिच्यासमोर बोलणार का?"

वायर गुंडाळता गुंडाळता तो पुटपुटला, "माझा पलंग बाहेरच्या खोलीत घ्यावा लागेल. खिडकी लागत नाही तिथली नीट."

"मग लावा ना. पेचकस हातातच आहे."

बेबी उठली. चेन सर्रकन उघडली आणि बॅग पलंगावर उपडी केली. लाल कोट, पांढरा कोट, बूट धाडधाड खाली.

"अगं ए, इस्त्रीचे आहेत ते," वहिनी धावली.

"करून देते पुन्हा. धंदाच आहे माझा."

मग तिनं स्वतःचे कपडे घालायला सुरुवात केली. अंगातल्यावर एक स्वेटर, त्यावर दुसरा. मोज्यांवर मोजे. गळ्यात मफलर. सगळ्यावर तो करडा कोट. बटणं लागेनात, म्हणून उघडाच. बाहेर पंखा लावायची हवा होती. तिच्या कपाळावरून घाम ओघळला, हनुवटीला येऊन थांबला. पोरगी आतल्या खोलीतून पुस्तक घेऊन आली, आईला बघून हसायला लागली आणि बापाचा चेहरा बघून थांबली.

"तमाशा करू नकोस," दादा म्हणाला.

"माझं सामान अंगावर आहे. बॅग आईची. वहिनीचे कोट वहिनीनं अंगावर घालावेत, बर्फात नाहीतरी अंगावरच घालायचेत."

दादानं किल्ल्या उचलल्या आणि जिना उतरला. वहिनी बूट काखेत मारून त्याच्यामागे. बेबी रिकामी बॅग गडगडत घेऊन खाली आली, ती मागच्या सीटवर शेजारी ठेवली, दार लावलं. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत तिनं फोन लावला आणि आवाज मोठा केला, पुढच्या दोघांना ऐकू जाईल इतका.

"आई, कपडे आवरून ठेव. सगळे. उशीसुद्धा."

"का गं?"

"न्यायला येतेय."

दादानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. नजर त्यानंच आधी रस्त्यावर नेली.

पलीकडून आईनं विचारलं, "दादाकडे?"

"माझ्याकडे."

"जावयाला विचारलंस?"

"सांगितलंय."

फोन तसाच चालू राहिला. दूर कुठेतरी आई सुनेला हाक मारत होती, दोरीवरचे माझे कपडे काढून दे गं, ओले असले तरी चालतील.