लाल सॉकेट

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी अंडी उबवायची पेटी बंद पडली. घरात वीज होती. पंखा फिरत होता, फ्रिज घुरघुरत होता. जिच्यासाठी परवा इन्व्हर्टर, बॅटरी आणि चार्जर असा सगळा लवाजमा आणला, ती पेटी तेवढी गार पडत होती. आणि तारा बदलायच्या म्हणून दहा ते चार वीज जाणार होती.

सूनबाईने काचेतून पाहिलं. चौसष्ट अंडी, एकविसातला एकोणिसावा दिवस. आतल्या तापमापकाचा आकडा सदतीसवरून छत्तीसवर आला. मागच्या खेपेला वीज गेली आणि एकही पिल्लू निघालं नाही. ही खेपही वाया गेली तर पेटी विकायची, असं ठरलं होतं. म्हणजे नवऱ्याने आणि सासऱ्यांनी ठरवलं होतं. तिने नुसती मान हलवली होती.

“अहो, तुमच्या बॅटरीने मान टाकली.”

नवरा घड्याळजी. दुकानाला निघालेला, तो दारातून परतला. “शक्यच नाही. चार्जर रात्रंदिवस चालू आहे.”

“तोही बंद आहे. बघा तरी.”

भिंतीवर दोन बोर्ड होते. पांढऱ्यावर घरची वीज, लालवर इन्व्हर्टरची. पेटी लालला, चार्जर पांढऱ्याला, असं वायरमनने दोनदा बजावलं होतं. घड्याळजी चार्जरची वायर चाचपत गेला तो थेट लाल बोर्डापाशी पोचला.

“हा इथे कुणी लावला?”

“मी,” अण्णा पेपरामागून म्हणाले. “काल रात्री, जेवण झाल्यावर.”

“पण का, अण्णा?”

“तूच चिठ्ठी डकवलीस ना तिथे? ‘महत्त्वाचे ते लालमध्ये.’ आता या घरात बॅटरीहून महत्त्वाचं कोण आहे? मी तर नाही.”

“लालला वीज बॅटरीतूनच येते. चार्जर रात्रभर बॅटरीची वीज उपसून बॅटरीतच ओतत बसला.”

“मग घरातली घरातच राहिली की.”

“वाटेत सांडते, अण्णा.”

“हे चिठ्ठीत लिहायचं. दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करतोस, स्वतःला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत.”

“तुम्हाला हात लावायला सांगितलं कुणी?”

बापलेकांची जुंपली तशी सूनबाई दोघांच्या मधून वाकून पुढे गेली. तिने पेटीचा प्लग उपटून पांढऱ्या बोर्डात खोचला. फ्रिजचा काढून त्या जागी चार्जर लावला. नऊ वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती.

“अगं, फ्रिजमध्ये दूध आहे,” घड्याळजी म्हणाला.

“दुधातून पिल्लं निघणार आहेत का?”

दहाच्या ठोक्याला वीज गेली. वीजवाल्यांनी वेळ पाळल्याचं या घरात कुणाला आठवत नव्हतं.

तिने पेटी पुन्हा लालला लावली. घड्याळजीने वायरमनला फोन केला. “सात मिनिटं चार्ज झालीय. किती वेळ चालेल?”

“सात मिनिटंच धरा,” वायरमन म्हणाला. “आणि साहेब, चार्जर कुणी हलवला?”

घड्याळजीने फोन ठेवला.

सहा मिनिटांनी पेटी पुन्हा बंद पडली. तोवर गॅसवर पाणी तापलं होतं. सूनबाईने बाटल्या भरल्या, टॉवेलात गुंडाळल्या आणि पेटीत कडेकडेने लावल्या. वरून गोधडी टाकली. दर अर्ध्या तासाला बाटल्या बदलायच्या, तेवढंच झाकण उघडायचं.

“एक अंडं बाहेर काढून हलवून बघायचं का? म्हणजे कळेल,” अण्णांनी सुचवलं.

“अण्णा, तुम्ही पेपर वाचा.”

घड्याळजी दुकानाला गेलाच नाही. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तो बाटल्या बदलायची वेळ सांगत राहिला, न विचारता. एकदा पाच मिनिटं आधीच सांगितली आणि तिच्याकडून ऐकून घेतलं.

चारला दहा कमी असताना त्याने वीज कार्यालयाला फोन लावला. दोन खांबांचं काम राहिलंय, साडेपाच धरा, असं उत्तर आलं. पेटीतला आकडा चौतीसवर होता. एका अंड्यावर बारीक चीर दिसत होती. ती आतून पडली की बाटली लागून, हे काचेतून कळत नव्हतं.