फुगडीला ब्रेक नसतो

नागपंचमीच्या आधी रहिमतपुरात माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बायका येतात बांगड्या भरायला, पण भरून जातात माझे कान. मी सुरय्या मणियार. गावातल्या जवळजवळ प्रत्येक बाईचा हात मी माझ्या हातात धरून दाबलाय, त्यामुळे कोण कामाने राबते आणि कोण नुसतंच राबल्याचं सांगते, हे मला पक्कं ठाऊक असतं. आमचे लियाकत म्हणतात, तुला दुसऱ्यांच्या घरात फार रस. आहेच. त्यात लपवायचं काय? पंचमीच्या दिवशी महिला मंडळाची फुगडीची स्पर्धा असते, आणि मी तिथे कोणाचीच सासू, सून किंवा जाऊ लागत नसल्यामुळे पंचाची शिट्टी माझ्या गळ्यात पडते. फुगडीत बांगड्या फुटल्या की त्याच बायका दुसऱ्या दिवशी परत माझ्याकडे येतात, हेही खरं. पण त्यासाठी मी पंच झाले असं कोणाला वाटत असेल तर त्याने ते माझ्या तोंडावर बोलावं.

या वर्षी जे झालं ते माझ्या दुकानातच सुरू झालं. राहीबाई सुनेला घेऊन आली होती. राहीबाई म्हणजे आमच्या मागच्या आळीतली, अंगाने भरभक्कम, बोलायला त्याहून भक्कम. नवरा गेल्यापासून ऊस आणि म्हशी एकटीने सांभाळल्या, पोराला, जयराजला, मिल्ट्रीत धाडलं. तो तिकडे लांब बर्फात, आणि घरात ह्या दोघी. सून प्रियदर्शनी अगदी बारीक, खो-खो खेळून पायाला चाकं लागलेली. तिला सांगलीत, विश्रामबागच्या एका कॉलेजात खेळाच्या मास्तरणीचं शिक्षण घ्यायला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षं, होस्टेलवर राहून. जयराज फोनवर म्हणायचा, आईला विचार. आणि आई म्हणायची, म्हशी कोण बघणार. असं दोन महिने चाललं होतं.

त्यात दुकानात तानुबाई आली. तानुबाईचं घर राहीबाईच्या दारासमोर. सासू-सुनेच्या फुगडीचं बक्षीस दर वर्षी तानुबाई आणि तिची सून पूजा घेऊन जातात, आणि ती ढाल तानुबाई अशा खिडकीत ठेवते की राहीबाईने दार उघडलं की पहिली तीच दिसावी. तिने आल्या आल्या विचारलं, यंदा तरी राहीबाई उतरणार का, की नुसतंच बघणार.

राहीबाईचं तोंड लाल झालं. तेवढ्यात प्रियदर्शनी अगदी गोड आवाजात म्हणाली, "आत्या, आपण हरवू की ह्यास्नी. पण हरीवलं तर मी सांगलीला जाणार."

"जा की," राहीबाई तानुबाईकडे बघत म्हणाली. "हिला हरीवलं तर दोन वर्सं काय, चार वर्सं जा. औंधच्या यमाईची आण."

दुकानात सात-आठ बायका होत्या. माझ्या हातातली बांगडी अर्ध्यावर थांबली. यमाईची आण आणि तीही तानुबाईसमोर. ती परत घेतली असती तर राहीबाईला या गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगणात सराव सुरू झाला. आमच्या गच्चीवरून ते अंगण नीट दिसतं, आणि पापड वाळवायला मला त्याच वेळी वर जावं लागायचं. पावसाळ्यात कसले पापड, असं लियाकतनी एकदाच विचारलं.

राहीबाईची फुगडी म्हणजे खांबाभोवती वासरू फिरावं तशी. ती आपली ताठ उभी, कोपरं वाकवून सुनेला जवळ ओढून धरलेली, आणि सून बिचारी भोवती धडपडते आहे. प्रियदर्शनी सांगायची, आत्या, पायाला पाय चिकटवा, हात सरळ ठेवा आणि अंग मागं टाका. राहीबाई म्हणायची, तुझ्या ह्या काडीवर मी अंग टाकलं तर तू उडून तानुबाईच्या अंगणात पडशील.

"न्हाई पडत," प्रियदर्शनी म्हणाली. "तुमी मला जेवढं वढाल तेवढंच मी तुमास्नी वढते. वजन कमी-जास्त असलं तरी वढ सारखीच बसती."

सासू-सुनेत दोघींकडून सारखी ओढ, हे मी या आळीत पहिल्यांदाच ऐकलं. पापड उलटवायचे राहिले. मग प्रियदर्शनीने समजावलं की फिरताना अंगाला बाहेर फेकल्यासारखं होतं, हातांनी एकमेकींना आत धरलेलं असतं, आणि मागे कललं तरच दोन्हीचा मेळ बसतो. तिने दुधाची किटली पाणी भरून गरागरा डोक्यावरून फिरवली, तरी थेंब सांडला नाही. राहीबाई ओरडली की किटलीला पोचा आला तर बघ. शेवटी तिला एक गोष्ट मात्र मनापासून पटली. दोघींत जी जड असते ती जवळपास मधेच राहते आणि हलकी तिच्याभोवती लांबून फिरते, असं सुनेने सांगितल्यावर ती म्हणाली, हे बरोबर आहे, घरातही असंच असायला पाहिजे.

हळूहळू तिची पाठ मागे जायला लागली. आधी थोडी, मग डोळे मिटून, मग एके दिवशी डोळे उघडे ठेवून. त्या दिवशी दोघी अशा फिरल्या की दारातला कुत्रा उठून लांब गेला. राहीबाई थांबली तेव्हा हसत होती. गेल्या कित्येक वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

आणि मग पंचमीच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली, बांगड्या भरायच्या निमित्ताने. दुकानात कोणी नव्हतं. हात माझ्या हातात देऊन ती गप्प बसली. राहीबाई आणि गप्प! मी विचारलं, बरं नाही का.

"भाभी, आमी जिंकणार," ती म्हणाली.

मग चांगलं आहे की, मी म्हणाले.

"जिंकलो तर ती जाती गं."

इतके दिवस तिला फक्त समोरची ढाल दिसत होती, सुनेची पेटी दिसलीच नव्हती. आता दिसली. जयराज लांब, ही गेली की मग चुलीपुढं एकटीनं बसायचं, असं ती म्हणाली, आणि तिचा हात माझ्या हातात इतका ढिला पडला की बांगडी आपोआप आत गेली. पण तिची युक्तीही ठरलेली होती. पडायचं नाही, कारण तानुबाई वर्षभर हसेल. दोन-चार फेरे झाले की मधेच सरळ उभं राहायचं, दम लागला म्हणायचं आणि मानाने बाजूला व्हायचं. वयाला दम लागतोच, त्यात नाचक्की नाही. मी पंच म्हणून गप्प राहीन, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं. मीही दिलं वचन. मला पोरीचं वाईट वाटत होतं आणि हिचंही, आणि दोन्हीकडून वाईट वाटलं की माणूस गप्पच बसतो.

पंचमीला मंगल कार्यालयाचं सभागृह गच्च भरलं होतं. गुळगुळीत फरशी, सगळ्या अनवाणी. बाकीच्या जोड्या सकाळीच गळल्या होत्या, शेवटी दोनच उरल्या. ह्या दोघी आणि त्या दोघी. नियम साधा होता. दोन्ही जोड्यांनी एकदम सुरू करायचं, आणि जी जोडी आधी थांबेल किंवा पडेल ती हरली. बायकांनी पदर खोचले. मी शिट्टी वाजवली.

तानुबाईची जोडी नेहमीसारखी गिरणीच्या दगडासारखी एका लयीत. ह्या दोघीही झकास मागे कललेल्या, प्रियदर्शनीची वेणी आडवी होऊन फिरत होती. बायका टाळ्या वाजवत होत्या. मी मात्र राहीबाईच्या कोपराकडे बघत होते. आणि ते वाकलं. तिने पाठ सरळ करायला घेतली, हात आवळले, सुनेला छातीशी ओढलं. झालं, मी मनात म्हणाले, आता थांबणार.

थांबली कसली! भिंगरी झाली. सुनेला जवळ ओढलं तशी गती कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली. राहीबाईचे डोळे मोठे झाले. घाबरून तिने आणखी जवळ ओढलं, तशा त्या आणखी जोरात फिरल्या. पाय थांबवावेत तर तोंडावर आपटणार, म्हणून पायही पळत होते. लुगड्याचा काठ नुसता एक हिरवा गोल दिसत होता. बायका उठून उभ्या राहिल्या. कोणीतरी म्हणालं, राहीबाईच्या अंगात आलं.

आता तानुबाई शहाणी असती तर तिने आपलं आपण बघितलं असतं. पण शेजारी एवढा गजर चाललाय आणि आपल्याला दिसत नाही, हे तिला जमणारंच नव्हतं. तिने फिरता फिरता मान वळवून राहीबाईकडे बघितलं. एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, आणि तिसऱ्यांदा बघताना तिचा पाय पूजाच्या पायावर पडला. दोघी फरशीवर बसल्या त्या थेट पहिल्या रांगेतल्या बायकांच्या मांडीपर्यंत घसरत गेल्या.

मी शिट्टी फुंकली. त्यानंतरही इकडचं फिरणं चालूच होतं. प्रियदर्शनीचा आवाज आला, "आत्या, मला जवळ धरू नका. लांब करा, हात सरळ करा, हळूहळू." राहीबाईने कसेबसे हात लांब केले, सून लांब गेली, आणि गती उतरत उतरत दोघी थांबल्या. राहीबाई मटकन खाली बसली. सभागृह तिच्याभोवती फिरत असणार. सुनेचे हात तिने अजून धरलेलेच होते.

मी पाणी घेऊन गेले, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. नाहीतरी मी गेलेच असते.

"मी मुद्दाम थांबत हुते," राहीबाई हळूच म्हणाली.

"म्हाईत हाय. तुमी आवळलं तवाच हाताला कळलं."

"मग तू हात सोडायचास की. तुला कळलं हुतं तर."

"सोडला असता तर तुमी जाऊन भिंतीवर आपटला असता, आत्या."

राहीबाईने माझ्याकडचं पाणी एका दमात संपवलं. मी प्रियदर्शनीला बाजूला घेऊन विचारलं, जवळ ओढलं की जोर वाढतो हे तुला आधीच ठाऊक होतं ना. ती म्हणाली, हो, बर्फावर गिरक्या घेणाऱ्या पोरी हात अंगाशी घेतात ते त्याचसाठी. मग सासूला सांगितलं का नाहीस? तर ही बया पदर सारखा करत म्हणते, बाकी सगळं सांगितलं, थांबायचं कसं हे त्यांनी विचारलंच नाही. मी ठरवलं, ही पोरगी मास्तरीण होणार आणि मुलांची काही खैर नाही.

तेवढ्यात तानुबाई कंबर धरून आली. हरल्याचं दुःख होतंच, पण तिच्याकडे दुसरी पुडी होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, यमाईच्या आणेचं काय, सून जाणार का आता राहीबाईची. सगळ्या बायका राहीबाईकडे वळल्या. राहीबाईने नुसतं दम लागल्याचं सोंग घेतलं असतं तरी वेळ निभावून गेली असती. मला वाटलं, ती तेच करणार.

ती उठली. अजून डुलत होती, सुनेच्या खांद्याचा आधार घेतला.

"जाणार म्हंजे जाणार. मी सवता पोचवून येणार. होस्टेलची खाट, जेवण, समदं बघून येणार," ती म्हणाली. मग थांबली. तिचा आवाज एकदम खाली आला. "पर ही गेली की घर खायाला उठंल मला, तानुबाई. लय भ्या वाटतंय. तू येत जा सांजंला. भांडायला का हुईना, पर येत जा."

तानुबाईच्या तोंडावरचा सगळा तोरा उतरला. इतक्या वर्षांत राहीबाईने तिच्याकडे साधी कोथिंबिरीची काडी मागितली नव्हती. ती कंबर चोळत राहिली. मग म्हणाली, "च्या कवा ठेवतीस?"