शुद्ध मराठीतला जबाब

चाकणच्या त्या कारखान्यात खंडूचं सगळं बोलणं उसन्या शब्दांवर चालायचं, आणि झकास चालायचं. शिफ्ट, प्रेस, टार्गेट. पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये हात आला की मशीन थांबवणारा सेन्सर टार्गेटच्या घाईत पट्टी चिकटवून आंधळा करायचा, त्याला सगळे 'बायपास मारणं' म्हणत. मोशीत शेती करणाऱ्या त्याच्या बापाने हा शब्द कधी ऐकला नव्हता. खंडू तो झोपेतही बोलायचा.

सोमवारी असाच बायपास मारलेला असताना प्रेस खाली आला आणि खंडूचा दोस्त समाधान याची चार बोटं गेली. खंडू शेजारच्याच मशीनवर होता. ऑफिसात कंपनीतर्फे जबाब घेणाऱ्या मिनल मॅडमना त्याने सरळ सांगितलं, "सेन्सर बायपास व्हता. सुपरवायझर शेखर सायबांनीच मारायला लावला. समाधान नको म्हनत व्हता." एवढं कागदावर आलं असतं तर दोष समाधानच्या माथी बसला नसता.

"हे सगळं इंग्रजी झालं हो," मॅडम म्हणाल्या. "जबाब सरकारदरबारी जायचाय. मी शुद्ध मराठीत लिहिते."

आता बघा, जबाब, सरकार, दरबार, हे तरी कुणाच्या मळ्यात उगवले होते? बाहेरूनच आले आणि घरचे झाले. पण खंडूला तेव्हा हे सुचायला हवं ना!

मॅडमनी भराभरा वाचून दाखवलं, "सदर कर्मचाऱ्याने स्वयंप्रेरणेने संरक्षक प्रणाली निष्प्रभ केली..." खंडूच्या डोक्यावरून गेलं. शेखरचं नाव ऐकू आलं नाही, पण पुढे असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. शाळेपासून त्याच्या व्हय-न्हाईला लोक हसत आले होते. आपलीच भाषा आपल्याला कळत नाही हे सांगायची त्याला लाज वाटली. त्याने सही ठोकली.

मॅडमनी दिलेली प्रत घेऊन तो दवाखान्यात गेला. समाधानची बायको वर्षाली बारावी झालेली. दारातच उभं राहून तिने कागद दोनदा वाचला.

"भाऊजी, ह्यांनी आपल्याच मनानं सेन्सर बंद केला, असं लिहिलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "खाली सही तुमची आहे."

खंडूने कागद परत घेऊन आपली सही पाहिली. आतून समाधानने हाक मारली.

"खंड्या, बायपासचं सांगितलंस ना रे?"

वर्षाली त्याच्याकडे बघत राहिली.

"सांगितलं," खंडू म्हणाला.