भिंतीतून गेलेली पन्हळ

मी एक जुनी पन्हळ आहे. भेरल्या माडाचे खोड उभे चिरून, आतला भुसा कोरून भिकाजींनी मला १९५५ साली घडवले. मालवणजवळच्या आमच्या वाडीत विहीर वर आणि पोफळीची बाग खाली. मधल्या उतारावर माझा मुक्काम. भिकाजींची बायको सावित्री विहिरीचे पाणी काढून माझ्या तोंडात ओती आणि खालच्या टोकाला भिकाजी ते एकेका पोफळीच्या आळ्यात वळवीत. आळे भरले की ते हाळी देत, "भरलां गो!" वर सावित्रीचा हात थांबे. मित्रांनो, घरात कितीही भांडण असो, ही हाळी कधी चुकली नाही.

तीन वर्षांनी सुपारी काढताना भिकाजी पोफळीवरून पडले. जीव वाचला, पाय गेले. मुंबईला नोकरी करणारा मुलगा परशुराम धावत आला. जुन्या घरात ओल फार, बाबांना ऐसपैस खोली हवी, म्हणून त्याने विहीर आणि बाग यांच्या मधल्या जागेत घर वाढवले. चिऱ्यांची जाड भिंत घातली. बागेकडे एक खिडकीसुद्धा ठेवली नाही.

"बाबांका गार वारो लागूक नये," तो म्हणाला. त्याच्या मायेत खोट नव्हती, पण बाबांना विचारायचे मात्र राहून गेले.

माझी वाटच बंद झाली. मला विहिरीपाशी टेकवून ठेवले. उन्हाने भेगा पडल्या. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. मला विचारलेही नाही. सावित्री डोक्यावर कळशी घेऊन घराला वळसा घालून बागेत जाई. एकटी बाई किती पुरणार?

"कडेच्या पोफळीक पाणी घातलंस?" भिकाजी खाटेवरून विचारत.

"घातलंय," ती म्हणे.

पण ते काही दुधखुळे नव्हते. पन्हळीचा आवाज नाही म्हणजे पाणी नाही, हे त्यांना कळत होते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. पेजेचा वाडगा तसाच परत जाऊ लागला. बागेतल्या सात पोफळी वाळल्या, आणि आठवे भिकाजीच, असे मला वाटू लागले.

पुढच्या मे महिन्यात परशुराम रजेवर आला तेव्हा सावित्री म्हणाली, "ही भिंत फोड."

"वारो लागात गो तेंका!"

"वारो लागणा नाय, म्हणानच सुकतत रे ते."

दुसऱ्या दिवशी परशुरामाने बाळा गवंड्याला बोलावले. बागेकडची भिंत खाटेच्या उंचीपर्यंत उतरवली, बाहेर उघडी पडवी काढली. विहिरीकडच्या भिंतीला भोक पाडले. बागेतली आळी चराने एकमेकांना जोडली. माझ्या भेगा डांबराने बुजवल्या, आणि त्या भोकातून मी थेट घरात शिरले! भिकाजींच्या खाटेला खेटून, पडवीतून खाली बागेत उतरले.

सावित्रीने पहिली कळशी ओतली. पाणी खळखळत आले तसा भिकाजींनी माझ्यात हात बुडवला, अडकलेले एक पान काढून टाकले आणि उशीला रेलून बागेकडे बघत राहिले. कळशीमागून कळशी आली. मग वर्षभराने पहिल्यांदा हाळी उठली, "भरलां गो!"

विहिरीवर सावित्रीचा हात दोरासकट थांबला.

"भरलां तर भरलां! आरडतास कित्याक?" ती ओरडली आणि पदराने डोळे पुसू लागली.

त्याला आता सात वर्षे झाली. वाळलेल्या पोफळींच्या जागी नव्या उभ्या आहेत. मी मात्र पुरती झिजले. येत्या उन्हाळ्यात जमिनीतून लोखंडी पाइप नेऊ आणि ते भोक बुजवू, असे परशुराम म्हणतो. मित्रांनो, माझी तक्रार नाही. मला खुशाल चुलीत घाला, मी छान जळेन. पण घर वाढवताना आत राहणाऱ्याला काय बघायचे आहे, काय ऐकायचे आहे, ते आधी त्याला विचारा. आणि भोक बुजवण्याआधी एकदा त्या खाटेशी येऊन बसा. पाणी यायच्या आधीच भिकाजींचा हात माझ्यात येऊन थांबलेला असतो.