खोलीबाहेर न जाणारं मशीन

होळी गावातल्या वाडीत पाण्याच्या पाटाच्या कडेवरून घसरून जुलियानाबाईंचं मनगट मोडलं. दम्याने छाती आधीच वाजत होती. पूर्ण भूल दिली तर त्या शुद्धीवर येतील, याची खात्री भूलतज्ज्ञ उन्नतीला देता येत नव्हती.

"बाय, मला झोपवू नको," त्या म्हणाल्या. "उठनार नाय मी."

नुसता हात बधिर करायचा, तर सुई गळ्याच्या हाडामागे घालावी लागते. तिथून फुप्फुस बोटभर खाली. अंदाजाने टोचताना ते फुटलं, तर या बाईंकडे शिलकीत श्वास नव्हता. सोनोग्राफीवर मज्जातंतू, सुई, फुप्फुस तिन्ही दिसतात. उन्नती गेल्याच वर्षी, २००७ मध्ये, हे शिकून आली होती.

हॉस्पिटलचे मालक डॉ. जितेश स्त्रीरोगतज्ज्ञ. उन्नतीने मशीन मागताच त्यांनी हात झटकले. "मशीन थिएटरात? मॅडम, त्याची नोंदणी सोनोग्राफीच्या खोलीची आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा ठाऊक आहे ना? जागचं हललं तर सील ठोकतील."

"मग पेशंटला खोलीत नेते, सर."

ते खोलीकडे निघाले. "पाच मिनिटं थांबा. आत पेशंट आहे."

बाहेर गरोदर बायकांच्या रांगेत स्ट्रेचर थांबलं. आया कृष्णाबाई हसली. "काय आजी, बारसं कधी?"

"बारसं नाय, बाप्तिस्मा म्हन!" जुलियानाबाईंनी खोकत खोकत सुनावलं. सगळी रांग हसली.

दार उघडलं. डोळे पुसत एक तरुण बाई बाहेर आली, मागून तिची सासू. डॉ. जितेशही आतून निघून घाईने ओपीडीकडे गेले.

आत पडद्यावर चित्र तसंच थिजलेलं होतं. वर नाव नाही, तारीख नाही. डोक्याचं माप नाही, मांडीच्या हाडाचं नाही. बाळाच्या दोन मांड्यांच्या मधली जागा तेवढी मोठी करून ठेवलेली. मुलगी. सोनोग्राफीच्या वहीतली शेवटची नोंद सकाळची होती, आताच्या बाईची नव्हती.

उन्नतीने दूरध्वनीकडे पाहिलं. तक्रार केली तर तासाभरात खोलीला सील. जुलियानाबाईंचा श्वास शिटीसारखा वाजत होता. तक्रार उद्याही करता येईल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि बटण दाबलं. चित्र गेलं.

मग तिने मानेवर जेल लावलं. काळ्या द्राक्षांच्या घोसासारखे मज्जातंतू दिसले, त्यांच्याकडे सरकणारी सुई दिसली. वीस मिनिटांत हात लाकूड झाला. मनगटात धातूची पट्टी बसेपर्यंत जुलियानाबाई जाग्या होत्या, माळ जपत होत्या.

डॉ. जितेश खूश झाले. "मानलं, मॅडम! गुरुवारी एक खांदा आहे. तोही दमेकरी. याल ना?"

उन्नतीने हातमोजे काढले, उलटे करून कचऱ्यात टाकले.

"येते," ती म्हणाली. "खोली मोकळी ठेवा."