सीटखालचा फिल्टर

माझी गाडी बायोडिझेलवर चालते, हे मी कर्जतमध्ये भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. वीस वर्षांची जुनी डिझेल गाडी आणि टाकीत हॉटेलांच्या वापरलेल्या तेलापासून बनवलेलं इंधन! धूर कमी झाला, आवाजही कमी झाला. माझा तोरा मात्र वाढला.

शिळफाट्याचा मेकॅनिक रमजान तीनदा म्हणाला होता, "पोपटभाऊ, हे तेल जुनी टाकी घासून काढतं. सगळा गाळ सुटून फिल्टरमध्ये येणार. पहिली टाकी संपायच्या आत फिल्टर बदलून घे."

"तुला पार्ट खपवायचाय," मी म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या सकाळी मी सासूबाईंना, गौराबाईंना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला खालापूरच्या दवाखान्यात नेत होतो. त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायचं. डोळ्यांचे डॉक्टर दोन महिन्यांतून एकदा यायचे, आणि साडेनऊला हजर नसलो तर नंबर दुसऱ्याला जाणार होता. बायको सुनंदा पहिल्या एसटीने पुढे जाऊन नंबर धरून बसली होती.

पळसदरीच्या पुढे गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

मी बॉनेट उघडलं, बायोडिझेलला शिव्या घातल्या, रस्त्यालाही घातल्या. येणारी प्रत्येक रिक्षा भरलेली. शेवटी रमजानला फोन लावला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे गाढव मीच होतो.

"मी पनवेलला आलोय रे," तो म्हणाला. "ड्रायव्हर सीटखाली हात घाल."

फडक्यात गुंडाळलेला नवा फिल्टर निघाला, सोबत पाना.

"तू ऐकणार नाहीस, माहीत होतं. मागच्या खेपेला ठेवून दिला."

माझी मान खाली गेली. पण तो बदलायचा कसा, हे मला कुठे येत होतं? तेवढ्यात गौराबाई चाचपडत खाली उतरल्या.

"पाना द्या हिकडं. फिल्टर कुटं हाय, तेवढा माजा हात लावून द्या."

"तुम्ही? अहो, तुम्हाला दिसत नाही..."

"भात काडलं की शेतात भाजी लावायचो आमी, तिला पानी लागायचं. इहिरीवरचं डिझेल इंजान तीस वरसं कोण चालवायचं? तुमचं सासरं? त्यान्ला आवाजाचंच भ्याव!"

पदर खोचून त्यांनी बोल्ट सोडला, काळा चिखल भरलेला फिल्टर काढला, नवा बसवला. "आता हवा काडाय पायजे. त्याबिगर चालू व्हायची नाय." वरचा स्क्रू ढिला करून त्यांनी मला फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबायला लावलं आणि कान जवळ नेला. फसफस थांबली तसं बोटाने तेल चाचपलं, स्क्रू आवळला.

"मारा चावी."

तिसऱ्या खेपेला इंजिन चालू झालं. मी लहान पोरासारखा ओरडलो.

त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. सणाला सासुरवाडीला गेलो की याच हातांनी त्या माझ्या पायांवर पाणी घालायच्या. मी बाटली उघडून त्यांच्या हातांवर पाणी ओतलं, एकेक बोट चोळून धुतलं.

"आवं, जावयानं आसं करू नाय!"

"करू दे मला," मी म्हटलं.

नऊ पंचवीसला पोचलो. सुनंदा फाटकातच उभी होती.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. गौराबाईंनी आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझे केस पिकल्याचं त्यांना फार वाईट वाटलं. परतताना त्यांनी शिळफाट्याला गाडी थांबवायला लावली. रमजान हात पुसत बाहेर आला. त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या.

मी हात जोडले. रमजान लाजला. "मावशी, मी काय केलं? एक फिल्टर तर ठेवला."

"ठेवलास," गौराबाई म्हणाल्या, "म्हनून तर तुजं तोंड बगतेय रं."